टिपण, साखळी आणि जीपीएक्स

भूमी अभिलेख कार्यालयातल्या जुन्या दप्तरात नकाशा कधी एकटा नसतो. त्याच्यामागे टिपण असते. शिवारात साखळी टाकून मोजणीदाराने शेताच्या हद्दीची जी मापे जागेवर उतरवून घेतली, ते टिपण. त्यावरून क्षेत्राचा हिशेब मांडला ते गुणाकार बुक, आणि या साऱ्याच्या आधारे काढला तो गावनकाशा. आज बांधावरून भांडण लागले आणि हद्द कायम करण्याची मोजणी मागवली, की जाणता भूमापक आधी टिपण मागतो. नकाशाचा कागद आकसलेला असतो, घडीवर फाटलेला असतो, त्यावरची शाईची रेघच जमिनीवर काही फुटांची भरते. टिपणातला आकडा मात्र लिहिला तसाच राहतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हद्द मोजण्याचे एक नवे साधन खेडोपाडी पोचले आहे. तळहातावर मावणारे जीपीएस यंत्र. माणूस ते हातात धरून हद्दीवरून चालतो, यंत्र त्याच्या वाटेची नोंद ठेवते, ती नोंद संगणकात उतरते आणि पडद्यावर नकाशा उमटतो. यातल्या चालण्याबद्दल आणि नकाशाबद्दल पुष्कळ बोलले जाते. मधल्या पायरीबद्दल, म्हणजे यंत्रातली नोंद नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याबद्दल, क्वचितच कोणी बोलते. केबल जोडली, बटण दाबले, संपले, अशी सार्वत्रिक समजूत आहे.

या लेखाचा विषय ती मधली पायरीच आहे. तिलाही इतिहास आहे, आणि तो केवळ यंत्रांचा नाही. वनहक्काच्या दाव्यांत एखाद्या कुटुंबाची जमीन किंवा एखाद्या गावाचे जंगल या पायरीवर कमी-जास्त होऊ शकते. पूर्व विदर्भातल्या काही गावांच्या नकाशांच्या कामात हाताला लागेल ते शिकत गेल्यावर माझे एक मत झाले. जीपीएसच्या मोजणीलाही टिपण असते. नकाशापर्यंत पोचताना त्यातले काय गळते आणि शेवटी ते कोणाच्या पेटीत राहते, यावर त्या मोजणीचा खरेपणा अवलंबून असतो.

साखळीचा हिशेब

इंग्रजी अमलात दख्खनच्या जमिनींची पहिली मोठी मोजणी प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७-२८च्या सुमारास हाती घेतली. मापांतला घोळ आणि अवास्तव आकारणी यांमुळे ती फसली. १८३५-३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली, आणि १८४७च्या ‘जॉइंट रिपोर्ट’ने मुंबई इलाख्यातल्या मोजणीची पद्धत पक्की झाली.

या मोजणीचे मुख्य हत्यार ३३ फुटांची साखळी. तिचे १६ भाग, प्रत्येकाचे नाव आणा. रुपयाच्या हिशेबाला सरावलेल्या माणसाला साखळीचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नसे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक एकर. काटकोन साधायला शंकू, अंतर मोजायला साखळी, आणि मापे लिहायला टिपणाचा कागद.

या व्यवस्थेत दोन गोष्टी मोलाच्या होत्या. एक, मोजलेले माप आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगवेगळे जपले जात. नकाशावर किंवा क्षेत्राच्या आकड्यावर शंका आली, तर मूळ मापांकडे परत जाता येई. दुसरी, माप ज्या एककात घेतले जाई ते गावकऱ्यालाही कळत असे. साखळी त्याच्या डोळ्यांदेखत पडत होती. मोजणीदार लबाडी करत नव्हते असे नाही. पण लबाडी पकडण्याची वाट दप्तरातच ठेवलेली होती. जीपीएसच्या काळात या दोन गोष्टींचे काय झाले, हे पाहण्याआधी एका कबरीपाशी थांबावे लागेल.

हिंगणघाटची कबर

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात पायारेषा मोजून त्याने ज्या कामाला सुरुवात केली, ते पुढे ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून जगाला माहीत झाले. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे थिओडोलाइट यंत्र डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत तो त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. ती नेमकी किती चपटी, याचे आकडे एव्हरेस्टने १८३०मध्ये मांडले. हे आकडे आणि मध्य भारतातल्या कल्याणपूर येथील आधारबिंदू यांवर पुढे भारताचे नकाशे उभे राहिले. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश याच हिशेबाचे आहेत.

जीपीएसचा हिशेब वेगळा. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, म्हणून त्यांची मोजणीही त्याच केंद्रापासून होते. १९८४मध्ये ठरलेल्या या जागतिक मापाला डब्ल्यूजीएस-८४ म्हणतात. एव्हरेस्टचे माप भारतीय उपखंडाच्या अंगाला बेतलेले, तर हे सबंध पृथ्वीला बेतलेले. त्यामुळे एकाच विहिरीचे दोन अक्षांश आणि दोन रेखांश निघतात. दोन्ही आपापल्या हिशेबाने बरोबर असतात. फरक महाराष्ट्रात १०० मीटरहून जास्त भरतो, आणि गडचिरोलीकडे जाऊ तसा आणखी वाढतो.

हा फरक लक्षात न घेता जीपीएसचा बिंदू जुन्या टोपोशीटवर मांडला, तर नाल्याच्या अलीकडचे शेत पलीकडे जाते. गावाच्या हद्दीतले मोहाचे झाड शेजारच्या गावात किंवा दुसऱ्या वनकक्षात पडते. यंत्राच्या मेनूत मोजणीचा आधार, ज्याला भूमापनात ‘डेटम’ म्हणतात, तो बदलण्याची सोय असते. तिच्यातही एक खाच आहे. बदल होतो तो पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांत. गार्मिनसारख्या यंत्रातून केबलने उतरणारी नोंद मात्र डब्ल्यूजीएस-८४मध्येच येते. एकाने पडद्यावरून आकडे वहीत उतरवले आणि दुसऱ्याने तेच बिंदू केबलने घेतले, तर दोघांच्या नकाशांत १०० मीटरांहून अधिक अंतर पडू शकते, आणि दोघांनाही आपले खरे वाटते.

सरकारी नकाशांनी हे नवे माप उशिरा स्वीकारले. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी डब्ल्यूजीएस-८४वर आधारित नकाशांची वेगळी ‘ओपन सिरीज’ ठरवली. तोवर, आणि नंतरही बराच काळ, गावांच्या हाती जुन्याच टोपोशीटच्या झेरॉक्स होत्या.

यंत्र बोलू लागले, पण कोणाशी?

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८मध्ये आकाशात गेला. योजना अमेरिकेच्या लष्कराची होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, २६९ माणसे गेली, आणि त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरालाही मोकळी राहील असे अमेरिकेने जाहीर केले. २४ उपग्रहांचा संच १९९५मध्ये पूर्णत्वाने कामाला लागला. तरी नागरी यंत्रांना मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे. चूक १०० मीटरपर्यंत जाई. हा बिघाड मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने बंद केला आणि एका रात्रीत जगातली सगळी हातातली यंत्रे दहा-वीस मीटरांच्या आत आली. शेताची हद्द मोजण्याचा विचार कोणी करू लागले ते यानंतर.

यंत्राला जागा कळली, पण ती दुसऱ्याला सांगायची कशी? जहाजांवरच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९८३मध्ये अमेरिकेत एनएमईए-०१८३ हा संकेत ठरला होता. जीपीएस यंत्रांनी तो उचलला. मात्र त्याचे काम ‘आत्ता मी इथे आहे’ एवढे सांगण्याचे. दिवसभर चाललेली वाट, जागोजागी टिपलेल्या खुणा आणि त्यांची नावे बाहेर काढायची तर प्रत्येक कंपनीची रीत निराळी होती. केबलचे टोक निराळे, बोलण्याचे नियम निराळे, फाइल निराळी. गार्मिनने आपल्या यंत्राशी बोलण्याचे नियम प्रसिद्ध केले होते, तरी ते समजून प्रोग्राम लिहिणारा हवा. सर्वसाधारण वापरणाऱ्याने कंपनीचेच सॉफ्टवेअर घ्यावे आणि तिच्याच फाइलीत नोंदी ठेवाव्यात, अशी एकूण मांडणी होती.

ही कोंडी फोडली ती बहुतांशी हौशी लोकांनी आणि सार्वजनिक खात्यांनी. संकेत सुधारल्यावर दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका गृहस्थाने रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि ‘जिओकॅशिंग’ हा खेळ सुरू झाला. हजारो लोक आपापली वेगवेगळी यंत्रे घेऊन एकाच जागी पोचू पाहत होते. त्यांना सामाईक फाइलीची निकड भासली. २००२मध्ये टोपोग्राफिक्स या छोट्या कंपनीच्या डॅन फॉस्टरने जीपीएक्स हा फाइलीचा खुला आराखडा पुढे आणला, त्याची १.१ ही आवृत्ती २००४ची. त्याच सुमारास रॉबर्ट लाइप याने जीपीएसबेबल हा प्रोग्राम फुकट उपलब्ध केला. बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना नावातली गंमत कळेल. एका यंत्राची भाषा दुसऱ्याला समजावून सांगणारा हा दुभाष्या होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या निसर्गसंपत्ती खात्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘डीएनआर गार्मिन’ हे सॉफ्टवेअर तयार केले आणि ते जगाला मोफत दिले. यंत्रातली नोंद थेट नकाशाच्या सॉफ्टवेअरला चालेल अशा फाइलीत बदलणे हे त्याचे काम. क्यूजीआयएस हे नकाशाचे मोफत सॉफ्टवेअर गॅरी शर्मनने २००२मध्ये लिहायला घेतले. महागडे परवाने ज्यांच्या आवाक्यात नव्हते त्यांच्यासाठी ही साखळी अशी पुरी झाली. पुढे आलेली यंत्रे आपली वाट थेट जीपीएक्समध्येच साठवू लागली आणि संगणकाला पेन ड्राइव्हसारखी जोडता येऊ लागली.

जीपीएक्सचे महत्त्व तंत्रज्ञांपलीकडेही आहे. ती साध्या मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडली की प्रत्येक बिंदूचा अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ ओळीने वाचता येते. बारावी झालेली गावातली मुलगीही ती उघडून पाहू शकते. टिपणाचा गुण तो हाच.

उतरवून घेताना काय गळते

मोडीतले दस्त बाळबोधीत उतरवताना एखादा काना-मात्रा चुकला की माणसाचे नाव बदलते. यंत्रातून नकाशात नोंद नेतानाही असेच घडते, फक्त चूक किलोमीटरांत मोजावी लागते. नेहमी आढळणाऱ्या काही चुका सांगतो.

पहिली चूक अंश आणि कलांची. यंत्राच्या पडद्यावर अक्षांश बहुधा ‘२० अंश ३०.५ कला’ असा दिसतो. एका अंशाच्या कला ६०, म्हणून दशांशात तो २०.५०८३ अंश होतो. घाईत कोणी २०.३०५ असा लिहिला, तर बिंदू सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. साखळीचे आणे सोळा असतात हे विसरून त्यांना दहा समजण्याचा हा प्रकार.

दुसरी चूक क्रमाची. जीपीएक्समध्ये अक्षांश आणि रेखांश आपापल्या नावानिशी लिहिलेले असतात. गूगल अर्थच्या केएमएल फाइलीत नावे नसतात, नुसता क्रम असतो, आणि त्यात रेखांश आधी येतो. हाताने फाइल बनवताना हा क्रम उलटला की २० उत्तर, ८० पूर्व इथला गडचिरोलीचा बिंदू ८० उत्तर, २० पूर्व इथे, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या बर्फात जाऊन पडतो. ही चूक निदान लगेच दिसते.

तिसरी पट्ट्यांची. मीटरमध्ये मोजता यावे म्हणून पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडले आहेत. ७८ पूर्व रेखांशावर ४३वा पट्टा संपून ४४वा सुरू होतो, आणि ही रेघ विदर्भातून जाते. अमरावती शहर एका पट्ट्यात, यवतमाळ दुसऱ्यात. धानोरा तालुक्यातली आकडेवारी ४४व्याऐवजी ४३व्या पट्ट्यात टाकली, तर गाव ६०० किलोमीटरांहून अधिक पश्चिमेला, नाशिक जिल्ह्यात चांदवड-येवल्याच्या बाजूला उमटते. आकार तोच, क्षेत्रफळ तेच, फक्त जिल्हा भलताच.

चौथी गळती नावांची आणि ती मला सर्वांत जास्त लागते. सुरुवातीच्या साध्या यंत्रांत खुणेच्या नावाला सहाच अक्षरे मिळत, तीही रोमन. पेनठाणा, मोहाचे झाड, दगडी पाळ, जुन्या गावठाणाची जागा ही सगळी नावे सहा अक्षरांत कोंबली जात, नाहीतर यंत्राने दिलेला ००१, ००२ हा अनुक्रमांकच राहून जाई. पुढे नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी ‘शेपफाइल’ वापरली, तर रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा, आणि लिपीची नोंद जोडलेली नसेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे. शेपफाइल म्हणजे खरे तर चार-पाच फाइलींचे कुटुंब. त्यातली मोजणीचा आधार सांगणारी फाइल ईमेल करताना मागे राहिली, की आकडे शिल्लक राहतात आणि ते कोणत्या हिशेबाचे हे सांगणारा कोणी उरत नाही.

पाचवी वेळेची. जुन्या यंत्रांत वाट ‘सेव्ह’ केली की बिंदूंची संख्या कमी होई आणि प्रत्येक बिंदूची वेळ पुसली जाई. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ चालून ही हद्द मोजली याचा पुरावाच जाई. जिथे वेळ टिकते तिथे ती ग्रिनिचच्या हिशेबाची असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी आठला काढलेल्या शिवारफेरीची नोंद पहाटे अडीचची दिसते. न समजणाऱ्याने ती पाहिली, तर मोजणी बनावट ठरवायला एवढे निमित्त पुरते.

नुसता आकडा किती घातक ठरू शकतो याचे युद्धातले एक उदाहरण नोंदलेले आहे. डिसेंबर २००१मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेच्या एका तुकडीतल्या सैनिकाने शत्रूच्या जागेचे आकडे यंत्रावर काढले. तेवढ्यात बॅटरी संपली. नवी घातल्यावर यंत्राने रीतीप्रमाणे स्वतःच्या जागेचे आकडे दाखवले, आणि तेच विमानाला कळवले गेले. बॉम्ब आपल्याच माणसांवर पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या सोबतचे अफगाण मेले. आकडा अचूक होता. तो कशाचा आहे हे त्याच्यासोबत लिहिलेले नव्हते.

जंगलातली पावले

आपल्याकडे या पायरीला खरे वजन आले ते वनहक्क कायद्यामुळे. २००६चा हा कायदा, त्याचे नियम १ जानेवारी २००८पासूनचे. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून आदिवासी कुटुंब जंगलात कसत असलेल्या जमिनीवर चार हेक्टरांच्या मर्यादेत त्याचा वैयक्तिक हक्क, आणि गाव परंपरेने वापरत आलेल्या जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क कायद्याने मान्य केला. इतर पारंपरिक वननिवासींसाठी तीन पिढ्यांच्या वास्तव्याची अट आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला. मेंढ्याचे जंगल सुमारे १,८०० हेक्टर. पुढे त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांपर्यंत ही गोष्ट गेली.

दाव्यासोबत नकाशा लागतो. कायद्याला त्यात ओळखता येतील अशा खुणांची हद्द हवी आहे: नाला, पहाडी, झाड, देवाची जागा. हे ज्ञान म्हाताऱ्या माणसांच्या पायांत असते. निस्तारपत्रक, नजरी नकाशा, वनकक्षांचा नकाशा आणि ही माणसे यांना एकत्र आणून हद्दीवरून चालायचे, आणि चालताना यंत्र सोबत ठेवायचे, ही रीत अनेक ठिकाणी रुळली. यंत्र तरुणाच्या हातात आणि ‘इथून वळा’ हे सांगणे आजीच्या तोंडी, अशी ती शिवारफेरी असते.

इथे एक हिशेब समजून घ्यावा. हातातले यंत्र मोकळ्यावर तीन ते दहा मीटर चुकते. दाट झाडीखाली त्याहून जास्त. समजा, सामूहिक हक्काचे जंगल १,८०० हेक्टरांचे आणि चौरस आकाराचे आहे. त्याची एक बाजू सव्वाचार किलोमीटरांच्या आसपास येईल. सगळी हद्द १० मीटर आत सरकली, तरी सुमारे १७ हेक्टरांचा फरक पडेल, म्हणजे एक टक्क्याहून कमी. या कामाला यंत्र पुरेसे आहे. आता एक एकराचा चौरस तुकडा घ्या. बाजू ६३.६ मीटर. हद्द सगळीकडून फक्त ३ मीटर आत सरकली तर बाजू ५७.६ मीटर होते, आणि ४० गुंठ्यांचे ३३ गुंठे राहतात. सात गुंठे हवेत गेले. प्रत्यक्षात चुका सगळ्या एकाच दिशेने होत नाहीत, काही एकमेकींना खोडतात. पण लहान तुकड्यासाठी हे यंत्र अपुरे आहे, हे शंकू आणि साखळी वापरणाऱ्या मोजणीदारालाही एका क्षणात पटले असते.

गंभीर गोष्ट पुढे आहे. हातातले यंत्र चालून आलेल्या जागेचे क्षेत्रफळ स्वतःच काढून दाखवते. मी पाहिलेल्या काही वैयक्तिक दाव्यांच्या कागदांत तो एकच आकडा लिहिलेला आहे. कोणत्या बिंदूंवरून चालले, किती बिंदू घेतले, यंत्र कोणते, सोबत कोण होते, यांपैकी काहीही नाही. नोंद यंत्रातून कधी उतरवलीच गेली नाही आणि पुढच्या मोजणीसाठी पुसली गेली. म्हणजे गुणाकार बुकातला शेवटचा आकडा ठेवला आणि टिपण फाडून टाकले. क्षेत्र कमी लागले अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दाखवायला कोणाकडेच काही नसते.

गुजरातमध्ये दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न आला. तिथे वैयक्तिक दावे मोठ्या संख्येने फेटाळले गेले. पडताळणीसाठी गांधीनगरच्या संस्थेने पुरवलेल्या उपग्रहचित्रांचा आधार घेतला होता. या संस्थेला नाव दिलेले आहे भास्कराचार्यांचे. आर्च-वाहिनी या संस्थेने आदिवासी तरुणांना जीपीएस शिकवले, त्यांनी शेते मोजली, नोंदी संगणकात उतरवून उपग्रहचित्रावर ठेवल्या आणि कसलेली जमीन तिथे दिसते हे दाखवून दिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१३मध्ये न्यायालयाने केवळ उपग्रहचित्रांवर विसंबण्याची रीत मान्य केली नाही. त्याआधी २०१२च्या सुधारित नियमांतही स्पष्ट म्हटले होते की उपग्रहचित्रे आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला पूरक असेल, इतर पुराव्यांची जागा घेणार नाही. गावातल्या ज्येष्ठांचे लेखी निवेदन हा त्या इतर पुराव्यांपैकी एक.

नियम नीट आहे, तरी व्यवहारात संगणकावर छापलेल्या रंगीत नकाशाचा दबदबा म्हाताऱ्याच्या निवेदनाहून मोठा असतो. म्हणून गावाने स्वतः मोजलेली आणि स्वतः उतरवलेली नोंद मोलाची. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला, आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित करून दावे कोणत्या रीतीने फेटाळले याची माहिती राज्यांकडे मागितली. त्या पंधरवड्यात ज्यांच्याकडे नुसता नकार पोचलेला कागद होता त्यांची, आणि ज्यांच्याकडे तारीखवार नोंदींची फाइल होती त्यांची, मनःस्थिती सारखी नसणार.

टिपण कोणाच्या पेटीत

आता मोजणीची साधने पुन्हा बदलत आहेत. गावठाणांवरून ड्रोन फिरले. सर्व्हे ऑफ इंडियाने उभारलेल्या कायमच्या केंद्रांच्या आधाराने ‘रोव्हर’ यंत्रे काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक मोजू लागली. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बरीच बंधने उठवली. चुकीचा आकार कमी होईल, यात शंका नाही. पण सेंटिमीटरपर्यंत अचूक असलेली मोजणीही गावाला दिसते ती छापील नकाशाच्या रूपातच. मूळ नोंद कार्यालयाच्या संगणकात राहते, आणि ती ज्या फाइलीत आहे ती उघडायला गावाकडे सोय नसते.

यासाठी नवा कायदा लागत नाही, जुनी शिस्त लागते. मोजणी झाली त्याच दिवशी यंत्रातली मूळ फाइल, काहीही कापाकापी न करता, दोन ठिकाणी ठेवावी. त्यातली एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात असावी. नकाशासाठी हवे ते बदल दुसऱ्या प्रतीवर करावेत. सोबत एका कागदावर यंत्राचे नाव, मोजणीचा आधार, पट्टा, तारीख, चालणाऱ्यांची नावे आणि प्रत्येक खुणेचे पूर्ण नाव देवनागरीत लिहावे. यंत्रातल्या ०१७ या खुणेला गाव काय म्हणते हे त्या कागदावर असेल, तर वीस वर्षांनी दुसरे कोणी तिथवर चालत जाऊ शकेल. वनहक्क समितीच्या ठरावाला छापील नकाशाइतकीच ही फाइल आणि हा कागद जोडण्याची सवय लागली पाहिजे. वैयक्तिक दाव्यांच्या लहान तुकड्यांसाठी टेपने मोजलेल्या बाजूही त्यात याव्यात.

जीपीएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली की अगदी सुरुवातीच्या ओळीत ती ‘बनवणाऱ्या’चा रकाना असतो. तो भरल्याशिवाय फाइल नियमाप्रमाणे पुरी होत नाही, म्हणून यंत्र तिथे स्वतःचे किंवा सॉफ्टवेअरचे नाव आपोआप घालते. त्याखाली ‘लेखक’ असा आणखी एक रकाना ठेवता येतो. तो ऐच्छिक आहे, आणि मी पाहिलेल्या जवळजवळ सर्व फाइलींत तो नाही. यंत्र हातात धरून जो नाला ओलांडून गेला आणि जिने ‘हे झाड आमचे’ म्हणून बोट दाखवले, त्यांची नावे लिहायला आराखड्यात जागा ठेवलेली आहे. ग्रामसभेने ती भरायला सुरुवात करावी.